कांबळे मामांचं कोर्ट

कांबळे मामा माणसाला नावानं हाक मारत नाहीत. माणूस कोर्टाच्या कितव्या कमानीखाली बसतो, त्या नंबरानं मारतात.

आमच्या कोर्टाच्या व्हरांड्याला पुढून तेरा कमानी. पहिलीखाली टायपिंगवाली लक्ष्मीअम्मा बसते, म्हणून ती 'पहिली'. पाचवीखाली स्टँपपेपरवाला, तो 'पाचवी'. त्याला चांगल्या झुपकेदार मिशा आहेत, तरी पाचवीच. मी तिसरी. एकदा माझा फोन लागेना म्हणून बायकोनं मामांना लावला, तर मामा म्हणाले, "तिसरी आत्ताच चहाला गेली, पाचवीबरोबर." घरी आलो तर ताटात नुसता भात, आणि बायको भिंतीकडं तोंड करून. कमानी मोजून दाखवायला तिला दुसऱ्या दिवशी कोर्टात आणावं लागलं.

मी व्यंकट. राहायला काचीगुड्यात, धंदा झेरॉक्सचा. शिक्षण विचारू नका. दुसरीत असतानाच शाळेनं आणि मी एकमेकांना माफ केलं. मराठी अक्षराला अक्षर जोडून कसंबसं लागतं, इंग्रजी आणि तेलुगू माझ्यासाठी नक्षीकाम. आणि अशा माणसाच्या हाताखालून दिवसाला हजार कागद जातात. वकील लोकांना हे लई पसंत. म्हणतात, व्यंकटकडं द्या, बात बाहेर जात नाही. अडाणीपणावर पोट भरणारा इथं मी एकटाच, असं मला आधी वाटायचं. कोर्टात चार वर्षं बसलो आणि तो गर्व गेला.

मामा इथं पुकारा करणारे शिपाई होते. दाराशी उभं राहून वादी-प्रतिवादीची नावं ओरडायची. तीस-पस्तीस वर्षं नावंच ओरडली, म्हणून आता नावांचा वीट आला असेल. रिटायर होऊन बारा-तेरा वर्षं झाली, तरी सकाळी दहाच्या ठोक्याला नल्लकुंट्याहून बसनं हजर. पांढरा शर्ट, त्याची इस्त्री अशी की बाहीनं कांदा कापावा. आल्यावर ज्याचा त्याचा रामराम ज्याला त्याला. जुन्या मुसलमान वकिलांना आदाब, लक्ष्मीअम्माला नमस्कारम्, आपल्या लोकांना जय भीम. मला फक्त, "काय तिसरी, मशीन जिंदा हाय का?"

मग मामा माणूस शोधायला लागतात. पैशासाठी नाही, चहासुद्धा कुणाचा पीत नाहीत. त्यांना कोर्ट दाखवायचं असतं.

आता कोर्टात येणारा माणूस काय कोर्ट बघायला येतो का? कुणाचा भाऊ जमीन दाबून बसलेला असतो, कुणाची बायको माहेरी. तो मान खाली घालून बाकड्यावर बसलेला असतो, आणि मामा त्याच्यापुढं जाऊन उभे राहतात. म्हणतात, "नजर वर करा साहेब, नजर वर. खाली नुसती फरशी हाय."

माणूस घाबरून वर बघतो. एकदा वर बघितलं की तो गेला. मामा सांगतात, ही कमान बघा, हिच्यात सिमेंटचा कण नाही. निजामाच्या राज्यातलं काम. नुसता दगडावर दगड, मधला दगड पाचरीसारखा बसवलाय, तो बाकीच्यांना धरतो आणि बाकीचे त्याला. ती वरची जाळी एका अखंड दगडातून कोरलीय. उन्हाळ्यात इकडून गरम वारा शिरला की जाळीतून जाता जाता निम्मा निवतो. वरची रंगीत काच पूर्वेला लाल आणि पश्चिमेला निळी का? तर सकाळी जज ताजा असतो, त्याला लाल चालतो. दुपारी त्याला निळाच पाहिजे. हे शेवटचं खरं का खोटं मला माहीत नाही, पण दुपारी जज कसे असतात ते माहीत आहे.

एक जवान जोडपं घटस्फोटाला आलं होतं. दोघं दोन बाकड्यांवर, मधे दोन वकील. मामांनी दोघांना उठवून जाळीपाशी नेलं आणि अर्धा घंटा जाळी दाखवली. घटस्फोट व्हायचा तो झालाच. पण जाताना दोघांनी जाळीपुढं उभं राहून एकत्र फोटो काढला. कशासाठी, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मी पण मामांच्या तडाख्यातून सुटलो नाही. पहिल्याच वर्षी त्यांनी मला सांगितलं, या भिंतीच्या चुन्यात गूळ हाय, बेलफळ हाय, उडदाचं पीठ हाय, म्हणून शंभर वर्षं तडा नाही. मी म्हणलं, गूळ? मामा म्हणाले, हौ, गूळ. ते गेले आणि माझ्या डोक्यात तो गूळ राहिला. आजूबाजूला कुणी नाही बघून मी भिंतीला जीभ लावली. गूळबीळ काही लागला नाही, खारट लागलं. मागं वळून बघतो तर एक वकीलसाहेब फाईल घेऊन उभे. पुढं दोन महिने झेरॉक्सला आले की माझ्यासाठी एक केळं आणायचे.

दुसरी गोष्ट आतल्या मोठ्या दालनाची. मामा म्हणाले, या दालनात डाव्या कोपऱ्यातल्या भिंतीपाशी हळू बोललं तर समोरच्या कोपऱ्यात जसंच्या तसं ऐकू येतं, कारण तुळयांच्या वरचं छत डेऱ्यासारखं हाय. मला पटलं नाही. कोर्ट उठलं होतं. मी डाव्या कोपऱ्यात तोंड घालून हळूच बोललो, हेडक्लार्कला सातवा महिना लागलाय. समोरच्या कोपऱ्यात हेडक्लार्कच कपाटातून फाईल काढत होते. ऑफिसचं काम माझ्याकडं यायचं बंद झालं ते दिवाळीपर्यंत. मामांनी मात्र पाठ थोपटली. म्हणाले, बघ, शंभर वर्षांचं छत, एक अक्षर सांडलं नाही.

मापं तर मामांना तोंडपाठ. दालनाची लांबी, उंची, तुळया किती, तुळईला कड्या किती, पायऱ्या बारा आणि पाचवी अर्ध्या बोटानं उंच. सगळी मापं हातात आणि बोटात. एकदा मी म्हणलं, मामा, एवढं मोजलं कशाला? हे काय आपल्याला बांधायचंय? तर मामा म्हणाले, "मोजलं नाही तर सांगणार काय?" मला वाटलं, म्हाताऱ्याला टाईमपास पाहिजे. घरी त्यांचं ऐकायला कुणाला वेळ नाही, हे मला माहीत होतं. मुलगा बँकेत. नातवाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. मामांनी कोर्टाचं काही सांगायला घेतलं की तो म्हणतो, आजोबा, फोटो सेंड करा ना, मी बघतो.

आता माझ्या कमानीचं सांगतो. तिसऱ्या कमानीखाली, माझ्या मशीनच्या मागं जी भिंत, तिच्या पलीकडं मोठं दालन. त्या भिंतीला माझ्या डोक्यापेक्षा हातभर उंचीवर एक भोक होतं. आरपार. मूठ जाईल एवढं. तेवढ्यातून काय काय यायचं. कबुतराची पिसं यायची, जजसाहेबाचा खोकला यायचा, आणि उन्हाळ्यात अशी धूळ यायची की मशीनच्या काचेवर रेघा उमटायच्या. काळी रेघ आलेली कॉपी कोर्टात चालत नाही. म्हणून मी बिघडलेल्या कॉप्यांचा गोळा करून त्या भोकात ठोकायचो. रोज संध्याकाळी ठोकायचो, आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघावं तर गोळा खाली पडलेला. आठ वर्षं. मी उंदीर म्हणलं, घूस म्हणलं, मग मला भीती वाटायला लागली. एखादा हरलेला पक्षकार मरून इथंच राहिला असेल, म्हणून मी तिथं नारळ पण फोडला. मामा बाजूला उभे होते. खोबरं तेवढं खाल्लं.

या मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली आणि इमारतीची दुरुस्ती निघाली. यादगिरी म्हणून एक मेस्त्री आला, दोन माणसं घेऊन. वर एक इंजिनियर मॅडम. मॅडमच्या हातात लाल लाईटचं मोजायचं यंत्र होतं. मामांना तर सणच आला. मॅडमनी यंत्रानं मोजायचं आणि मामांनी आधीच बोटं दाखवून आकडा सांगायचा. मॅडम खुश. दोघं एका कोपऱ्यात उभे राहून किती वेळ बोलत होते. मामा हात जोडून काहीतरी सांगत होते. मला वाटलं, झालं, पोरीला जाळी दाखवायला घेतली.

संध्याकाळी मॅडमनी दुरुस्तीच्या कामाची यादी माझ्याकडं दिली. एक पान, लांब, लीगल साईझचं. म्हणाल्या, एक कॉपी मेस्त्रीला द्या, ओरिजिनल या अंकलना द्या, त्यांना पाहिजे म्हणतात. माझ्याकडं लीगलचा कागद संपला होता. सुट्टीत कोण भरून ठेवतो? मी साध्या ए-फोरवर मारली. अर्जंटमधी आम्ही सगळेच मारतो. खालचं दोन बोटं कापलं जातं, पण खाली बहुतेक कोरंच असतं. कोरं आहे का नाही, ते बघायला वाचता यायला लागत नाही. तेवढं पण मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादगिरी यादी घेऊन माझ्या भिंतीशी आला. यादीत लिहिलं होतं, भिंतीतली भोकं बुजवावीत. तरी तो चांगला माणूस, भोकाकडं बघून मला विचारलं, "क्या अन्ना, ये भी बंद करना क्या?"

आता मला कुणी विचारावं, हीच आधी चूक. मी म्हणलं, हे तर सगळ्यात आधी बंद कर. चहा मागवला, उस्मानिया बिस्किटं मागवली. यादगिरीनं विटेचे तुकडे घातले, वर सिमेंट भरलं, थापीनं असं गुळगुळीत केलं की भोक होतं हे सांगून पटू नये. आठ वर्षांचं भूत गेलं. मी मशीनची काच पुसून ठेवली.

दहा वाजता मामा आले. मशीन जिंदा हाय का विचारलं नाही. त्यांची नजर सरळ भिंतीवर गेली. माझ्या स्टुलावर चढले आणि ओल्या सिमेंटवर हात ठेवला. तो हात त्यांनी त्या पांढऱ्या शर्टाला पुसला. मग खाली उतरले आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. मामांना मी खुर्चीवर बघितलंय, बाकड्यावर बघितलंय. जमिनीवर कधी नाही. मला वाटलं, छातीत कळ आली. पाणी घेऊन धावलो.

मामांनी खिशातून मॅडमचा कागद काढला. माझ्यापुढं धरला. मी म्हणलं, मामा, मला कशाला दाखवता, मला कुठं येतं. तेव्हा त्यांनी सगळ्यात खाली, मॅडमनी हातानं लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथं लिहिलंय, तिसऱ्या कमानीच्या भिंतीतलं पंख्याच्या दोरीचं भोक बुजवू नये. काल मी हात जोडून लिहून घेतलं."

यादगिरीनं त्याच्या हातातली माझी कॉपी उलटी केली, सुलटी केली. त्यात ती ओळ नव्हती. ती ओळ माझ्या ए-फोरच्या बाहेर राहिली होती.

"मामा," मी म्हणलं, "ते गोळे तुम्ही काढायचा?"

"मग कोण, घूस?"

"आधी सांगायचं ना."

"तू आधी विचारायचं ना."

मग मामांनी सांगितलं. दोन-दोन शब्द करून सांगितलं, मी जोडून सांगतो. लाईटचे पंखे यायच्या आधी दालनात छताला कापडाचा लांब पंखा होता. त्याची दोरी त्या भोकातून बाहेर यायची, आणि बाहेर व्हरांड्यात बसून एक माणूस दिवसभर ती ओढायचा. तो माणूस म्हणजे मामांचा बाप. देगलूरकडून पोट घेऊन इकडं आलेला. हात दुखले की दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायचा. आत काय चाललंय ते त्याला भोकातून सगळं ऐकू यायचं. जज आवाजावरून ओळखायचा, वकील खोटं बोलायला लागला की खाकरतो कसा ते घरी करून दाखवायचा. निकालाच्या दिवशी आत इतकं चिडीचूप व्हायचं की दोरीची कुरकुर साहेबाला नडायची, मग तो श्वास धरून हळू ओढायचा. पण ते दालन त्यानं कधी बघितलं नाही. आत जायची बंदी आहे असं कुठं लिहिलेलं नव्हतं. आमच्या माणसाला आत बोलावणार कोण, मामा म्हणाले, आणि बोलावल्याशिवाय जायचा त्याचा स्वभाव नव्हता.

पुढं लाईटचे पंखे आले, दोरी गेली, बापाला झाडांना पाणी घालायचं काम दिलं. मामांना शिपायाची नोकरी लागली तोवर त्याची नजर गेली होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी मामा घरी येऊन म्हणाले, बाबा, चला, आता मी आत असतो, तुम्हाला दालन दाखवतो.

"तर म्हणाले, आता काय दाखवतोस. आता सांग."

म्हणून मामा रोज थोडं थोडं बघून यायचे. एक दिवस तुळया मोजायच्या, एक दिवस जाळीची फुलं. उंची किती म्हणून बापानं विचारलं तर आकडा सांगून कळायचं नाही, हातात सांगावी लागायची. एवढं एक दालन त्यांनी बापाला सात वर्षं, तो जाईपर्यंत पुरवलं.

मी खाली बघत होतो. मामा म्हणतात तसं खाली नुसती फरशी होती. मी म्हणलं, मामा, मला दोन लाथा घाला. ते म्हणाले, लाथा मागनं, आधी सिमेंट किती वेळचं हाय ते विचार.

यादगिरीला मराठी येत नाही, पण म्हातारा जमिनीवर बसलेला त्याला समजला. म्हणाला, डेढ घंटा हुआ, अभी पत्थर नहीं हुआ. मी लगेच टोनर उघडायचा स्क्रूड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढलो आणि असा जोर लावला की स्टुलासकट खाली आलो. यादगिरीनं मला कॉलर धरून बाजूला बसवलं आणि स्वतः चढला. थापीच्या टोकानं, दातातला कण काढावा तसं त्यानं ते उकरलं. विटेचे तुकडे काढले, ओलं फडकं फिरवलं. मग मामांना हाताला धरून वर घेतलं.

मामांनी भोकात हात घातला. खालच्या काठाला दगडात दोरीनं घासून पडलेली एक चर होती, बोट बसेल एवढी खोल. इतकी वर्षं मी तिथं कागद ठोकले, पण मला ती कधी दिसली नव्हती. मामांनी बोट तिच्यातून पुढं नेलं, मागं आणलं. म्हणाले, हाय. गेली नाही. थोडं सिमेंट चरीत राहिलं होतं, ते त्यांनी नखानं काढलं.

मी म्हणलं, मामा, एवढी सगळी इमारत दाखवता, ही चर कधी कुणाला दाखवली नाही. मामा म्हणाले, यात दाखवण्यासारखं काय हाय.

खाली उतरल्यावर मामांनी यादगिरीकडून दालनाची चावी मागितली. मला म्हणाले, तू इथं बस, भिंतीला टेकून. आवाज येतो का बघू, आत तुकडा राहिला असेल तर येणार नाही. मी बसलो. जमीन गार होती. यादगिरी बिडी घेऊन पायऱ्यांवर जाऊन बसला. सुट्टीचं कोर्ट, व्हरांड्यात दुसरं कुणी नाही.

आत दार उघडल्याचा आवाज आला, चप्पल काढल्याचा आला. मग माझ्या डोक्यावरून मामांचा आवाज आला. मला वाटलं होतं पुकारा करतील, दणकून. पण हा आवाज हळू होता, घरात बोलतात तसा.

"तुळया अकरा हाईत. सागवानी. परवा बारा म्हणलो होतो, ते चुकलं, एक भिंतीच्या आत हाय. मधल्या तुळईला कडी हाय, तिलाच पंखा टांगलेला होता. कडीवर अजून सुतळीचा तुकडा हाय बघा."

परवा? परवा आम्ही तुळयांचं काही बोललो नव्हतो. आणि मला ते कधी 'बघा' म्हणत नाहीत, 'बघ' म्हणतात. मी ओरडून सांगणार होतो की येतंय ऐकू, या बाहेर. तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा मिटलं असेल.

"खिडक्या सहा," आतून आवाज आला. "तीन तुमच्या बाजूला, तीन नदीकडं. नदीकडच्या खिडकीतनं आता नदी दिसत नाही, बिल्डिंग झालीय. पण उजेड येतो. उजेड जजच्या खुर्चीपर्यंत येतो आणि तिथं थांबतो."

मामा बोलायचे थांबले. कबुतर फडफडलं, तेही थांबलं. आत ते वाट बघत उभे होते, हे मला भिंतीच्या अलीकडून कळत होतं. गोष्ट सांगणारा असा थांबला की ऐकणाऱ्यानं काय करायचं असतं, एवढं शाळेत न जाता पण येतं.

मी हुंकार दिला.

आत मामांनी घसा साफ केला. म्हणाले, आता जाळीचं सांगतो.